टीव्हीचा आवाज येतोय, चित्र गेलंय: दुरुस्त करावा की नवीन घ्यावा?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात असते, आई-आप्पा कराडजवळ गावी. त्यांचा ४३ इंची एलईडी टीव्ही २०१९ च्या दिवाळीत घेतलेला, तेव्हा ३२,००० ला पडला होता. गेल्या मंगळवारी संध्याकाळी आप्पांचा फोन आला, "टीव्ही बोलतोय, पण दिसत नाही." चालू केला की कंपनीचं नाव दोन सेकंद झळकतं, मग पडदा काळा. आवाज मात्र स्वच्छ. रिमोटने चॅनल बदलतं, आवाज कमी-जास्त होतो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. चौथ्या दिवशी माणूस आला, व्हिजिटचे ५०० रुपये घेतले, मागचं झाकण न उघडताच म्हणाला, "पॅनेल गेलाय, १९,००० होतील. त्यात भर घालून नवीन घ्या." गावातल्या दुकानदाराने एक्स्चेंजमध्ये १,५०० देतो म्हणून सांगितलं.

आप्पा ७४ वर्षांचे आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं बाहेर जाणं बंदच झालंय. सकाळचं कीर्तन, दुपारी क्रिकेट असेल तर क्रिकेट, रात्रीच्या बातम्या, एवढाच त्यांचा दिवस. त्यामुळे मला निर्णय लवकर घ्यायचाय, पण घाईत चुकीचा घ्यायचा नाही. २५-२८ हजार घालून नवीन घ्यावा का? की हा दुरुस्त होईल? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया लिहा.

---

दख्खनचा_वाटसरू

सरळ नवीन घ्या. सहा वर्षं वापरलात, पैसे वसूल झाले. शिवाय ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झालाय. वय झालेल्या माणसांना मेकॅनिकच्या मागे धावायला लावू नका.

---

सोल्डरवाला

ताई, जरा थांबा. दुकानात जाण्याआधी एक गोष्ट करा, पैसे लागत नाहीत.

रात्री खोलीतले सगळे दिवे घालवा. टीव्ही चालू करा, आवाज येऊ द्या. मग मोबाइलची टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरकी धरा आणि सावकाश फिरवा. समोरून नाही, तिरकी. काचेच्या आत अंधूक चित्र हलताना दिसतंय का ते बघा. बातम्यांचं चॅनल लावा म्हणजे खाली सरकणारी अक्षरं ओळखायला सोपी जातात.

अंधूक चित्र दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, फक्त त्याच्या मागचा उजेड गेलाय. तसं असेल तर १९,००० चा प्रश्नच येत नाही.

माझं इचलकरंजीत ३१ वर्षं दुरुस्तीचं दुकान होतं, पिक्चर ट्यूबच्या काळापासून. आता मुलगा बघतो. झाकण न उघडता, मीटर न लावता "पॅनेल गेला" म्हणणाऱ्याचं ऐकून कुणी टीव्ही भंगारात घातला की मला मनापासून वाईट वाटतं. आधी काय गेलंय ते कळू द्या, किमतीचं मग बोलू.

---

कृष्णाकाठ

काका, आत्ताच केलं! व्हिडिओ कॉलवर आईने टॉर्च धरली, आप्पा खुर्चीतून बघत होते. आधी काहीच दिसेना. मग लक्षात आलं की देवघरातला झिरोचा दिवा चालू होता, तो बंद केला. आईने टॉर्च खालच्या कोपऱ्यात नेली आणि म्हणाली, "अगं, पट्टी सरकतेय! अक्षरं चाललीत!" वर नेल्यावर निवेदिकेचा खांदा आणि अर्धा चेहरा दिसला, निळसर काळा, एखाद्या एक्स-रेसारखा. टॉर्च हलली की तेवढाच तुकडा दिसायचा.

म्हणजे पॅनेल चांगला आहे ना?

---

सोल्डरवाला

आहे. आता सविस्तर लिहितो, म्हणजे मेकॅनिकशी बोलताना तुम्हाला आधार राहील.

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्याचा पडदा एलसीडीच असतो. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो. उजेड येतो मागच्या पत्र्यावर चिकटवलेल्या एलईडीच्या पट्ट्यांमधून. ४३ इंचीत साधारण तीन-चार आडव्या पट्ट्या असतात, प्रत्येकीवर सात-आठ एलईडी आणि प्रत्येक एलईडीवर प्लास्टिकचं छोटं भिंग, उजेड पसरवायला. त्याच्या पुढे पांढरे पातळ कागद दिसतात ते डिफ्युझर, आणि सगळ्यांत पुढे काचेचा पॅनेल.

हे एलईडी जुन्या दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक उडाला की माळ तुटते. पट्ट्यांना करंट देणारं सर्किट ती तूट ओळखतं आणि स्वतःला बंद करून घेतं. म्हणून तुमचं चित्र दोन सेकंद येऊन जातं.

आता मेकॅनिकला हे विचारा:

सगळ्या पट्ट्या बदलणार की फक्त मेलेला एलईडी? सगळ्याच बदलायला सांगा. काही जण मेलेल्या एलईडीवर तार जोडून देतात. त्याने टीव्ही लागतो, पण तिथे काळपट डाग राहतो आणि बाकीचे एलईडी तेवढेच जुने असल्याने काही महिन्यांत दुसरा जातो.

पट्ट्या त्याच मॉडेलच्या आहेत का? टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो त्याला आधीच पाठवा. लांबी, एलईडींची संख्या आणि प्रत्येक एलईडीचं व्होल्टेज, ३ की ६, हे सगळं जुळावं लागतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पॅनेल उचलताना फुटला तर जबाबदारी कुणाची? हा प्रश्न विचारायला लाजू नका. पट्ट्या बदलायला काच पूर्ण बाहेर काढावी लागते. ती इतकी पातळ असते की एका कोपऱ्याला धरून उचलली तर तडा जातो. काचेच्या कडेला केशरी, पारदर्शक फितीसारखे तुकडे असतात, त्यातला एक फाटला तरी पॅनेल खरोखर जातो. चांगला कारागीर व्हॅक्यूम कप लावून, दोन माणसांनी, सपाट जागेवर काच उचलतो. तो एकटा आला आणि भिंतीवरच उघडायला लागला तर हात जोडून परत पाठवा.

स्वतः मात्र उघडू नका, घरच्या कुणालाही उघडू देऊ नका. पिन काढल्यावरसुद्धा पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात.

---

रानजाई

काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. आमच्याकडेही २०२१ मध्ये अस्संच झालं होतं. पट्ट्या बदलून २,८०० मध्ये काम झालं, टीव्ही आजही चालू आहे. त्याआधी सहा महिने पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसायचे, चंद्रासारखे, ते कशाने?

---

सोल्डरवाला

भिंग गळून पडलेलं. उष्णतेने डिंक सुटतो, भिंग निघून आत कुठेतरी पडतं आणि उघड्या एलईडीचा उजेड एका जागी पडतो. काही टीव्हींचं चित्र निळं-जांभळं होत जातं, तेही एलईडीवरचा पिवळा थर जळाल्यामुळे. दोन्ही वेळा औषध एकच, नव्या पट्ट्या.

---

गोदातीर

मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण माझे पैसे गेले आहेत.

आमच्या नाशिकच्या घरी ५० इंची टीव्ही होता. उजव्या बाजूला एक उभी रेघ आली, मग तीन, मग हातभर पट्टाच. स्थानिक मेकॅनिक म्हणाला, बाँडिंग करून देतो. पॅनेल शहरात नेला, मशीनवर ती काकांनी लिहिलेली फीत पुन्हा दाबून चिकटवली, ४,५०० घेतले. चित्र सुरेख आलं. चार महिन्यांनी रेघा परत, आणि यावेळी डाव्या बाजूलाही. तो म्हणाला पुन्हा करू. मी नाही म्हटलं आणि नवीन घेतला. तेच पैसे आधीच नव्या टीव्हीत घातले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

त्यामुळे "दुरुस्तीच करा" असं सरसकट सांगू नये. मला तेव्हा कुणी रेघ आणि अंधार यांतला फरक समजावून सांगितला असता तर फार उपयोग झाला असता.

---

सोल्डरवाला

गोदातीर, तुमचं बरोबर आहे आणि तुम्ही ते लिहिलंत हे चांगलं केलंत. काचेतला दोष, म्हणजे तडा, शाई सांडल्यासारखा डाग, उभ्या रेघा, यात मी स्वतः गिऱ्हाइकाला नवीन घ्या म्हणून सांगायचो. बाँडिंग टिकतं तेव्हा टिकतं, पण मी कधी त्याची खात्री दिली नाही. फूट असेल तर पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या निम्म्याहून वर जाते, त्यात हात घालण्यात अर्थ नाही.

रेघा दिसल्या तरी एकदा टी-कॉन बोर्ड तपासून घ्यावा, म्हणजे पॅनेलला चित्र पोचवणारा छोटा बोर्ड. अर्धा पडदा जाणं किंवा चित्र निगेटिव्हसारखं दिसणं त्याच्यामुळेही होतं, आणि तो वेगळा मिळाला तर स्वस्तात काम होतं. नव्या मॉडेलांत तो बऱ्याचदा मुख्य बोर्डावरच असतो.

---

दख्खनचा_वाटसरू

माझा मुद्दा अजून तोच आहे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या ३० टक्क्यांवर गेला तर नवीन घ्यावा, एवढा हिशेब मी ठेवतो. आणि आज पट्ट्या बदलल्या, उद्या मदरबोर्ड गेला, परवा आणखी काही, मग?

---

सोल्डरवाला

टक्केवारीवर माझा फारसा विश्वास नाही. त्याच टीव्हीत पॉवर सप्लाय गेला तर मी डोळे झाकून दुरुस्त करा म्हणेन. लाल दिवा लुकलुकतो, टीव्ही टिकटिक करत सुरूच होत नाही, उघडल्यावर दोन-तीन कॅपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसतात. भाग शंभर-दीडशे रुपयांचे, बाकी मजुरी. पण टीव्ही कंपनीच्या नावावर अडकतो, आपोआप बंद-चालू होतो, सॉफ्टवेअर टाकलं तरी आठवड्याने पुन्हा तेच, तेव्हा बोर्डावरची मेमरी चिप थकलेली असू शकते. ती बदलणारा हात चांगला असेल तरच करावं.

"उद्या दुसरं गेलं तर" हा प्रश्न रास्त आहे. म्हणून उघडलेला असतानाच पॉवर सप्लाय बघून घ्यायला सांगायचं. आणि कारागिराला विचारायचं, हा तुझ्या घरचा असता तर दुरुस्त केला असतास का? दोन सेकंद त्याच्या तोंडाकडे बघा, उत्तर कळतं.

---

भरतीओहोटी

कोकणातून लिहितोय. आमच्याकडे टीव्ही जायचं मुख्य कारण वळवाचा पाऊस. गेल्या मे महिन्यात वीज पडली ती घरापासून लांब, पण डिशच्या केबलमधून आत आली. सेट टॉप बॉक्स गेला, एचडीएमआयचं पोर्ट जळलं, मुख्य बोर्डही गेला. टीव्हीची पिन मी काढली होती! डिशची वायर काढायची राहिली होती.

मूळ बोर्ड कुठेच मिळेना. शेवटी मेकॅनिकने युनिव्हर्सल बोर्ड बसवला, ३,२०० मध्ये. चित्र उत्तम, पण मूळचं स्मार्ट सगळं गेलं, रिमोटही वेगळा. वर इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी एक स्टिक लावली आणि काम चालू आहे. ज्यांच्या घरी वयस्क माणसं आहेत त्यांनी दोन रिमोटचा विचार करून ठेवा. आमच्या आजीला ते जमायला महिना लागला, मी दोन्हींवर रंगीत चिकटपट्टी लावून दिली.

आभाळ भरून आलं की पिन आणि डिशची वायर दोन्ही काढा. इंटरनेटची वायर टीव्हीला लावली असेल तर तीही.

---

ल्योंवासी

मी फ्रान्समध्ये राहतो, इथली एक गोष्ट सांगतो. जानेवारी २०२१ पासून दुकानात टीव्हीच्या किमतीशेजारी दहापैकी गुण लावलेले असायचे, तो किती दुरुस्त करता येतो याचे. ८ जानेवारी २०२५ पासून टीव्हीसाठी त्याजागी टिकाऊपणाचा गुणांक आला. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे, मार्च २०२१ पासून, मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षं पॉवर सप्लाय, जोडणीची पोर्टं, कॅपॅसिटर असे काही सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत.

पण त्या यादीत पॅनेल नाही, आणि मजुरी इथे इतकी महाग आहे की माझा टीव्ही गेला तेव्हा मला दुरुस्ती परवडली नाही. इचलकरंजीचे काका माझ्या गल्लीत असते तर तो वाचला असता, हे मी अगदी मनापासून लिहितोय.

---

रानजाई

आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आहे. कृष्णाकाठ, तुम्हाला झाकणही न उघडता पॅनेलचा आकडा सांगितला गेला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. व्हिजिटची पावती जपून ठेवा. तुमचे ५०० परत मिळोत न मिळोत, नोंद व्हायला हवी.

आणि नवीन घ्यायची वेळ आलीच तर जुना टीव्ही कुठे जातो ते विचारा. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात टीव्ही येतो आणि त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे. आमच्या माळ्यावर पिक्चर ट्यूबवाला जुना टीव्ही होता. भंगारवाला तांब्यासाठी तो अंगणातच फोडायला निघाला होता. त्या काचेत शिसं असतं. मी त्याला थांबवलं आणि अधिकृत संकलन केंद्रावर नेऊन दिला.

---

कृष्णाकाठ

अपडेट देते. उशीर झाला, शनिवारी स्वतः गावी गेले होते.

कराडमधल्या एका मेकॅनिकशी आधी फोनवर बोलले, काकांचे सगळे प्रश्न विचारले. पॅनेलच्या प्रश्नावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "माझ्या हातून फुटला तर मी भरून देईन, पण दुकानातच उघडणार, घरी नाही." त्या उत्तरावरच मी त्याला काम द्यायचं ठरवलं. टीव्ही गादीत गुंडाळून शेजारच्यांच्या जीपमधून नेला.

त्याने परवानगी दिली म्हणून मी तिथेच उभी राहिले. लांब टेबलावर धुतलेली चादर अंथरली, टीव्ही पालथा ठेवला, मागचं झाकण काढलं आणि आधी बोर्डाकडून येणाऱ्या सगळ्या जोडण्या सोडवल्या. मग टीव्ही उताणा करून कडेची चौकट सोडवली. त्याने आणि त्याच्या पोराने चार कप काचेला लावले, एकमेकांकडे बघून मान हलवली आणि काच एकाच वेळी उचलली. त्या पाच-सहा सेकंदांत दुकानात कुणी बोललं नाही. डिफ्युझरचे कागद बाजूला घेतले आणि खाली पांढऱ्या पत्र्यावर त्या चार पट्ट्या. त्याने मीटरने एकेक एलईडी पेटवून दाखवला. तिसऱ्या पट्टीतला पाचवा पेटेना. भिंग काढलं तर पिवळ्या चौकोनाच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका होता. माझ्या आई-आप्पांचं घर पंधरा दिवस शांत झालं होतं ते त्या मोहरीएवढ्या ठिपक्यामुळे.

दोन भिंगंही सुटायला आली होती. चारही पट्ट्या नव्या घातल्या, पॉवर सप्लाय तपासला, त्यातला एक कॅपॅसिटर किंचित फुगला होता तोही बदलला. एकूण २,६५०, बिलासकट. पट्ट्यांना तीन महिन्यांची वॉरंटी लिहून दिली. मेकॅनिकने सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वरून ६५ वर आणला आणि सांगितलं, पूर्ण उजेडावर ठेवला की पट्ट्या तापतात आणि लवकर जातात. आप्पांना तर हेच चित्र डोळ्यांना बरं वाटतंय.

काल रात्री साडेनऊला फोन केला तर आईने उचलला. मागून बातम्यांचा आवाज येत होता. म्हणाली, "थांब, त्यांचं संपू दे, मग देते."

दख्खनचा_वाटसरू, तुमची काळजी मला समजली होती. हा टीव्ही पुन्हा बोर्डामुळे गेला तर नवीनच घेईन, आप्पांशी तसं बोलून ठेवलंय. काका, तुमचे उपकार कसे मानू?

---

सोल्डरवाला

उपकार कसले. पोराला, म्हणजे त्या मेकॅनिकला, माझा नमस्कार सांगा. काम नीट करतो.

बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, त्या कागदावरची शाई लवकर उडते. आणि टीव्हीच्या मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडा, हवा खेळती राहिली पाहिजे.

---

दख्खनचा_वाटसरू

मनापासून आनंद झाला. मी घाईने लिहिलं होतं. आमच्या सासुरवाडीचा टीव्ही गेल्या वर्षी याच लक्षणावरून आम्ही एक्स्चेंजला दिला. टॉर्च मारून बघायचं माहीत असतं तर दिला नसता.

---

मांजराकाठी

लातूरहून लिहितोय, पहिलाच प्रतिसाद. आमचा ३२ इंची, सात वर्षं झाली. कालपासून आवाज येतोय, चित्र नाही, पण आमच्याकडे सुरुवातीला नावही झळकत नाही. दुकानदार पॅनेल म्हणतोय.

---

सोल्डरवाला

आज रात्री दिवे घालवून टॉर्च मारा आणि काय दिसतं ते इथे लिहा. टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटोही टाका. तोवर दुकानदाराला होकार देऊ नका.